डावा तळवा

त्या घरात धाकट्याची गणना माणसांत होत नसे, अवजारांत होई. घण, पहारी, पाचरी, लांब छिन्न्या आणि धाकटा. फरक एवढाच, की बाकीची अवजारे संध्याकाळी पुसून भिंतीला टेकवली की गप्प राहत आणि धाकट्याला जेवायला वाढावे लागे. थोरली सून ते काम अशा रीतीने करी, की ताट जमिनीवर टेकल्याचा आवाज अंगणापर्यंत जावा.

खाणीवर मात्र त्याला नाव होते. नेम्या. छिन्नीचा माथा बटणाएवढा, घण माणसाच्या डोक्याएवढा. तो खांद्यामागून वर जाई, उन्हात क्षणभर टांगल्यासारखा थांबे आणि नेमका त्या बटणावर उतरे. खाली उकिडवा बसून छिन्नी धरणारा थोरला भाऊ पापणीदेखील लववत नसे. धरणाऱ्याने घणाकडे बघायचे नाही, मारणाऱ्याने छिन्नीच्या माथ्यावरून नजर काढायची नाही, हा त्या कामाचा कायदा. प्रत्येक घावानंतर छिन्नी थोडी फिरवायची, मधूनच भोकातली भुकटी वाकड्या तारेने ओढायची. आणि बोलायचे नाही. तोंडावर फडके बांधलेले, सगळ्या खाणीत घणांचा ठणठणाट. ओरडणाऱ्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानापर्यंतही पोचत नसे. म्हणून थांबण्याची एकच खूण होती. धरणाऱ्याने डावा तळवा बाजूला, खांद्याच्या उंचीला उचलायचा. तळवा वर, की घण वरच थांबला पाहिजे. त्या खाणीतल्या माणसांचा देवावर असेल-नसेल तितका विश्वास त्या तळव्यावर होता.

खाणीबाहेर आला की नेम्याचा नेम चुके. अलीकडे तर फारच. दाराची चौकट त्याच्या खांद्याला लागे, वाटेतला दगड अंगठ्याला. दगडांवर वाळत घातलेले धुणे तो तुडवी. बाजूने कोणी आले की दचके आणि मग नुसते डोळे न वळवता अख्खी मान फिरवून बघे. थोरलीने त्याचे नाव 'घुबड' ठेवले आणि ते घराला आवडले. उन्हाळा कडक होता, खाणीच्या तळाशी साचलेले पाणी गाळून वर आणावे लागे. एका सकाळी धाकटीने, म्हणजे त्याच्या बायकोने, चढण चढून आणलेला भरलेला हंडा त्याने लाथेने आडवा केला. पाणी धुळीत गेले आणि धूळ क्षणभर गडद झाली, एखादी शरम चेहऱ्यावर येऊन ओसरावी तशी.

"डोळे आहेत की भोकं?" धाकटी म्हणाली.

"बाजूला ठेवायचा होता."

"बाजूलाच होता! एवढा मोठा हंडा दिसला नाही, आणि बटणाएवढी छिन्नी दिसते म्हणे. मुद्दाम करता. घरातल्या कुणाला काही बोलता येत नाही, तो राग माझ्या हंड्यावर."

तो काही बोलला नाही. नवऱ्याचे हे न बोलणे तिला सगळ्यात किळसवाणे वाटे. भांडणाऱ्या पुरुषाशी निदान भांडता तरी येते.

पण त्या उन्हाळ्यात तो एकदाच बोलला होता, आणि तेच महागात पडले. खाणीची भिंत वाटली जायची होती. डावीकडे निळा, एकसंध, घावाला स्वच्छ फुटणारा दगड. उजवीकडे पापुद्र्यांचा, हातात भुगा होणारा. मुकादमाने भावांना सांगितले, की दोघांनी आता वेगवेगळे भाग घ्या, कुणाला कुठला ते घरात ठरवा. थोरल्याने ठरवण्यासारखे काही आहे असे मानलेच नव्हते. जेवताना धाकटा ताटाकडे बघत म्हणाला,

"निळा भाग मला पाहिजे. घण मी मारतो."

थोरला इतका हसला, की त्याला ठसका लागला. "ऐकलंस का आई? घणाला तोंड फुटलं."

त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. कामात बोलण्याची गरज नव्हतीच. तळवा होता.

अपघात झाला तो दिवस ढगाळ, कोंदट होता. छिन्नी भोकात अडकली होती. थोरल्याने डावा तळवा उचलला. घण नुकताच वर चालला होता. तो वर थांबणार याबद्दल थोरल्याच्या मनात शंकेचा कणही नव्हता. त्याने उजवा हात छिन्नीच्या माथ्यावर घट्ट आवळला आणि ती उपसायला जोर लावला. घण थांबला नाही. आवाज निराळा झाला. लोखंडाचा लोखंडावर होतो तसा नाही. ओली फांदी जोत्यावर आपटावी तसा. मग सगळ्या खाणीतले घण एकामागून एक थांबले आणि किती तरी वेळाने तिथे माणसाचा आवाज ऐकू आला.

दोन बोटे गेली. उरलेली दोन वाकून बसली, अंगठा शाबूत राहिला.

संध्याकाळी मुकादम अंगणात आला. चारपाच खाणकामगार मागे उभे राहिले. त्यांना न्याय बघायचा नव्हता, तमाशा बघायचा होता. थोरला खाटेवर बसला होता, हाताला मोठे बोचके बांधलेले. घरातून एक तांब्या पाणी बाहेर आले, ते मुकादमाला.

"तळवा उचलला होता का?" मुकादमाने विचारले.

"उचलला होता. हे सगळे बघत होते. विचारा त्यांना."

मागच्यांनी माना डोलावल्या.

"नेम्या, तू काय म्हणतोस?"

"तळवा नाही दिसला," धाकटा म्हणाला. मग त्याने ते वाक्य उच्चारले, जे शहाण्या माणसाने गिळले असते. "बोटं दिसली मला. माथ्यावर आली तेव्हा दिसली. पण घण सुटला होता."

"बोटं दिसली!" थोरला खाटेवरून उठला. "ऐका! बोटं दिसली, तळवा नाही दिसला! एका हाताची बोटं दिसतात, दुसऱ्याचा तळवा दिसत नाही? अरे, निळ्या दगडासाठी भावाचा हात ठेचलास आणि वर कबूल करतोस?"

"दादा, खरंच नाही दिसला."

"आंधळा आहेस का?"

"नाही."

तेव्हा आई पुढे आली. या घरात डोळ्यांची परीक्षा घेण्याची एक रीत होती आणि ती आईच्या हातात होती. सुना बघायला गेली तेव्हाही तिने ती वापरली होती. तिच्या खांद्यावरच्या कापडात नेहमी एक बारीक सुई खोचलेली असे. नजर चांगली की वाईट, हे तिच्या लेखी ती सुई सांगे. दुसऱ्या कुणाला विचारण्याचे कारण नव्हते. तिने सुई काढली, दोऱ्याचे टोक तोडले आणि दोन्ही धाकट्यासमोर धरले.

"ओव."

उजेड उतरत आला होता. मुकादमाने स्वतःचे डोळे बारीक केले. त्याला तर सुईदेखील धड दिसत नव्हती. धाकट्याने दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले, सुई डोळ्यांसमोर धरली आणि पहिल्याच खेपेला दोरा आरपार नेला. आणि मग, शाळेत पाढा म्हणून दाखवलेल्या पोरासारखा, कौतुकाच्या अपेक्षेने त्याने वर बघितले. आपण कशाचा पुरावा दिला आहे, हे त्या अंगणात फक्त त्यालाच कळले नव्हते.

मागून कुणी तरी हसले.

"झालं," मुकादम म्हणाला.

आईने सुई परत खांद्यावर खोचली. "बापाच्या वळणावर गेलास," ती म्हणाली. "तो प्यायचा, तू न पिता करतोस. एवढाच फरक."

बाप भर दुपारी, लख्ख उन्हात, रोजच्या वाटेने चालताना खाणीच्या कडेवरून खाली गेला होता. घराने त्यावर दोनच शब्द खर्च केले होते: प्यायला होता. मेलेल्या माणसाला तुच्छ लेखण्यात मोठी सोय असते. तो उलट बोलत नाही.

घण धाकट्याच्या हातून गेला. निळा भाग थोरल्याच्या नावे झाला. तिथे घण मारायला आणि छिन्नी धरायला मुकादमाने दुसरी माणसे दिली आणि थोरला बांधलेला हात छातीशी धरून त्यांच्यावर ओरडत बसू लागला. हात गमावून तो मालक झाला होता. धाकट्याला बायकांच्या ओळीत पाटी दिली. फुटलेली खडी पाटीत भरायची, डोक्यावर घ्यायची, फळीवरून चढून वर ओतायची. त्या ओळीत त्याच्यापुढे त्याचीच बायको होती.

"नेम्या, पदर घे रे डोक्यावर!" घणवाले ओरडत. "घाबरू नका बायांनो, त्याच्या हातात घण नाही आता!"

आणि तो फळीवरून पडे. फळीच्या मधोमध नजर ठेवून तो नीट चाले. पण वरून रिकामी पाटी घेऊन उतरणारी बाई शेजारून आली, की तिच्या कोपराचा धक्का त्याला जणू हवेतून बसे. खडी सांडे, गुडघे फुटत. पडल्यावर पाटी शोधताना त्याचे हात जमिनीवर फिरत, आणि पाटी त्याच्या बाजूलाच पडलेली असे. बघणाऱ्यांना ही नक्कल वाटे, तीही वाईट वठवलेली.

धाकटीला त्याची कीव येत नव्हती. राग येत होता, आणि रागाखाली एक थंड तिरस्कार होता, खाणीच्या तळाच्या पाण्यासारखा. भावाचा हात ठेचायचाच होता तर निदान निळा दगड तरी हातात पडेल असा ठेचायचा. ज्याला धड दुष्टपणाही जमत नाही, अशा माणसाच्या गळ्यात आपल्याला बांधले, असे ती मनाशी म्हणे आणि पुढची पाटी उचले.

एका दुपारी सगळे सावलीला बसले होते. धाकट्याचे ओठ फुटलेले, जीभ बाहेर यायची तेवढी राहिलेली. पाणी वाटणारी म्हातारी त्याला वगळून पुढे गेली होती. धाकटीने आपला अर्धा पेला त्याच्यापुढे केला, म्हणजे ती त्याच्या उजव्या हाताला बसली होती तिथूनच, बाजूने, न बघता. त्याने घेतला नाही. तिने हात तसाच धरला. याला आता रुसायचेही आहे! हात अवघडला. हट्टाने तिने तो खाली घेतला नाही. बघूया कोण आधी हरतो. शेवटी मनगट कापू लागले, म्हणून तिने पेला रागाने त्याच्या तोंडासमोर नेला.

त्याने तो असा झडप घालून घेतला, की अर्धे पाणी छातीवर सांडले.

"कधी आणलंस?" त्याने विचारले.

ती त्याच्याकडे बघत राहिली. एवढा तहानलेला माणूस रुसत नाही. तिने पेला परत घेतला, रिकामा, आणि पुन्हा त्याच्या कानाच्या रेषेत बाजूला धरला. हलवला. तो समोर खाणीच्या निळ्या भिंतीकडे बघत पुटपुटत होता, "अजून असेल का गं?" पेला त्याच्यापासून हातभर अंतरावर हलत होता.

बाजाराच्या दिवशी तिने त्याला चष्मेवाल्यापुढे उभे केले. चष्मेवाल्याचे टेबल कोंबड्यांच्या खुराड्यांशेजारी होते. त्याच्या अंगावर डॉक्टरसारखा पांढरा कोट होता, ज्याच्या बाह्यांवर चहाची पिढ्यानुपिढ्यांची साय होती. त्याने एक पाटी लांब धरली. तिच्यावर फण्यांसारख्या खुणा होत्या, वर मोठ्या, खाली बारीक होत गेलेल्या. फणीचे दात कुठल्या बाजूला ते सांगायचे. धाकट्याने शेवटची ओळही सांगितली.

"वा!" चष्मेवाला म्हणाला. "ही नजर नाही, दुर्बीण आहे. ताई, कशाला आणलंत यांना?"

"बाजूचं दिसत नाही यांना."

"बाजूचं म्हणजे?"

"बाजूचं म्हणजे बाजूचं."

"बाजूचं बघायला मान दिली आहे देवाने," तो म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर खूश झाला. "काळा चष्मा घ्या. उन्हाला बरा, आणि माणूस साहेब दिसतो."

तिने त्याला जे सुनावले, ते ऐकून खुराड्यातल्या कोंबड्याही काही वेळ गप्प बसल्या.

मोठ्या गावचा दवाखाना चार मजल्यांचा होता. डोळ्यांचा विभाग सगळ्यात वरती. ज्यांना पायऱ्या दिसत नाहीत त्यांना सगळ्यात जास्त पायऱ्या. लांबच लांब बाकावर माणसे पापण्या मिटून बसली होती, गालांवर औषधाचे ओघळ. आत डॉक्टरीण होती, पन्नाशीची, कोरड्या आवाजाची. तिने त्याच्याकडे माणूस म्हणून फारसे बघितले नाही. पण त्याच्या डोळ्यांकडे ती जशी बघत होती तसे त्यांच्याकडे आजवर कोणी बघितले नव्हते.

"काय होतंय?"

"काही नाही," धाकटा म्हणाला.

"मग घरी जा."

"अहो, सगळीकडे धडपडतात," धाकटी मध्ये पडली. "बाजूने पेला धरला तर दिसत नाही. पण सुई ओवतात. पाटीवरचं सगळं वाचतात."

डॉक्टरीण थांबली. तिने खुर्ची पुढे ओढली, इतकी की दोघांचे गुडघे जवळजवळ टेकले. त्याचा एक डोळा त्याच्याच हाताने झाकायला लावला, स्वतःचा समोरचा डोळा मिटला.

"माझ्या नाकाकडे बघा. नाकावरून नजर काढायची नाही. आता बोट हललं की सांगा."

नजर न काढणे हे तर त्याचे आयुष्यभराचे काम. तो दगडासारखा बसला. डॉक्टरणीने हात बाजूला नेला, बोटे हलवली. तो गप्प. हात जवळ आणला. गप्प. आणखी जवळ. बोटे तिच्या गालाला लागायच्या बेताला आली तेव्हा तो म्हणाला, "आता. आता आलं बोट."

वरून, खालून, दुसऱ्या बाजूने, दुसऱ्या डोळ्याने. प्रत्येक वेळी बोट कुठून तरी अचानक जन्माला येत होते.

मग थेंब घातले. डोळे बधिर केले, एका यंत्रावर हनुवटी टेकवून निळ्या उजेडाचे टोक बुबुळाला लावले आणि डोळ्यातला दाब मोजला. दुसरे थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बाकावर बसवले. पुन्हा आत घेऊन हातातले भिंग डोळ्यासमोर धरून डॉक्टरीण आत बघत राहिली, विहिरीत पडलेल्या वस्तूकडे बघावे तशी. मध्येच तिने शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीला बोलावले. "नस बघ. मधला खड्डा बघ केवढा झालाय. कडेला काही राहिलंय का?" मुलगी म्हणाली, "जवळजवळ नाहीच." त्याच्या डोक्यावरून दोघी बोलत होत्या आणि तो भिंतीसमोर हनुवटी टेकवून, श्वास रोखून, आज्ञेत बसला होता.

शेवटची परीक्षा दुसऱ्या दिवशी, बाहुल्या उतरल्यावर, अंधाऱ्या खोलीत. मोठ्या पांढऱ्या भांड्यात तोंड घालून बसायचे, मधल्या ठिपक्याकडे बघायचे आणि आजूबाजूला कुठेही उजेड लुकलुकला की हातातले बटण दाबायचे. धाकटी मागे उभी होती. त्याच्या खांद्यावरून तिला भांड्याची आतली बाजू दिसत होती. एक ठिणगी चमकली, डावीकडे. त्याचा अंगठा हलला नाही. वर चमकली. उजवीकडे, अगदी ठळक. अंगठा बटणावर तसाच. ठिणग्या उगवत होत्या आणि विझत होत्या, एकामागून एक, पांढऱ्या आभाळात कुणी तरी खुणा करीत असावे आणि खालच्याने एकीलाही उत्तर देऊ नये तसे.

"दाबा की!" तिच्या तोंडून निघून गेले. "अहो, आली ना! दाबा!"

"बाई, गप्प राहा नाहीतर बाहेर व्हा," यंत्रावरचा माणूस म्हणाला.

ठिणगी आली की धाकटीचाच अंगठा तिच्या तळहातावर दाबला जात होता.

"काचबिंदू," डॉक्टरीण म्हणाली. "डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते. कडेची नजर आधी जाते, मधली सगळ्यात शेवटी. एवढीच राहिली आहे." तिने मूठ वळली, तिच्यात पेन्सिल जाईल एवढी फट ठेवली आणि ती डोळ्याला लावली. "फटीसमोर जे येईल ते लख्ख. सुई ओवायला याहून जास्त जागा लागत नाही."

"पण मला काळं कुठे दिसत नाही," धाकटा म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात भीती होती.

"तुमच्या पाठीमागे आत्ता काय दिसतंय? काळं दिसतंय का?"

त्याने विचार केला. "काहीच नाही दिसत."

"तसंच. नजर नसते तिथे अंधारही नसतो. म्हणून कळत नाही. दुखतही नाही. दुखलं असतं तर आला असतात लवकर." तिने चिठ्ठी खरडली. "गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकवायचं तर हे थेंब, रोज, मरेपर्यंत. घण, फळी, उंचावरचं काम बंद. घरात आणखी कुणाला होतं का हे? वडील, भाऊ? हे रक्तातून येतं. भावांना तपासणीला पाठवा."

धाकटी खुर्चीवरून उठली नाही. "म्हणजे बोटं दिसली आणि तळवा दिसला नाही, असं होऊ शकतं?"

"कसला तळवा?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. तिला एकाएकी त्या अंगणातल्या प्रत्येक माणसाचा चेहरा दिसला, स्वतःचाही, आणि कुठला अधिक ओंगळ ते ठरवता येईना.

परतीच्या वाटेवर तिने त्याचा हात धरला. प्रेमाने नव्हे, भरलेला हंडा धरावा तसा, सांडू नये म्हणून.

घरी पोचले तेव्हा सकाळची उन्हे अंगणात आली होती. खाण त्या दिवशी बंद होती. थोरला खाटेवर, थोरली उंबऱ्यात, आई जात्याच्या दगडावर बसून कापड शिवत होती. मुकादमही होता, निळ्या भागाबद्दल काही बोलायला आला होता, हातात पाण्याचा तांब्या. धाकटीने उभ्यानेच सगळे सांगितले. नस, दाब, ठिणग्या, मुठीतली फट. सांगताना तिचा आवाज चढत गेला, आणि चढत्या आवाजावर या घरात कोणी विश्वास ठेवीत नसे.

"म्हणजे अर्धा दिसतो, अर्धा नाही," थोरला म्हणाला. "सोयीचं आहे. हात ठेचायचा तेवढा दिसतो."

"डॉक्टरीण खोटं बोलेल का?"

"डॉक्टरणीला काय, रोज रोगी लागतात. आणि तू पढवलं असशील. तुझी जीभ कमी आहे का?"

"तुम्हालाही तपासायला सांगितलंय दादा. रक्तातून येतं."

"आता मलाही आंधळा करा!" तो उठला. "ए घुबडा, बस तिथे. खाली बस. समोर बघ."

धाकटा अंगणाच्या मधोमध बसला, उकिडवा, छिन्नी धरल्यासारखा, आणि सांगितल्याप्रमाणे समोर बघू लागला. थोरला पाय न वाजवता त्याच्या बाजूला आला. त्याने तो हात उचलला. उजवा, दोन बोटे नसलेला, दोन वाकलेली. जखमेची कातडी अजून गुलाबी आणि चकचकीत. खांद्याच्या उंचीला. तो हात त्या घरात कोणी उघड्यावर नीट बघत नसे. थोरलीने तोंड फिरवले. मुकादमाने तांब्यात बघितले.

धाकटा समोर बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. कोंबडी पायाशी आली तशी गेली. हात तिथेच होता, आरोपासारखा उचललेला, आणि ज्याच्यावर आरोप होता तो शांतपणे विचारत होता, "दादा, कुठे गेलास? सुरू कर ना काय करायचं ते."



थोरल्याला कळले. ते त्याच्या मानेच्या शिरेत दिसले. कळल्यावर माणूस दोन गोष्टी करू शकतो, ते मानू शकतो किंवा नाकारू शकतो. आणि त्याच्यापाशी निळा दगड होता.

"नाटक बरं करतोस," तो म्हणाला.

मुकादमाने घसा साफ केला. "नाटकच म्हणायचं," तो म्हणाला. खरे बोलण्यासाठी तांब्याभर पाणी पुरेसे नसते.

तेव्हा धाकटी चालत थोरल्याच्या डाव्या बाजूला गेली, त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि तिने तळवा उचलला. बाजूला, खांद्याइतका. दवाखान्यात बघितले होते तशी बोटे हलवली. थोरला धाकट्याच्या डोक्याकडे बघत बोलतच होता. रक्ताचे नाते, विश्वासघात, बापाने उभे केलेले घर. बोटे त्याच्या कानाशेजारी हलत होती. तिने हात थोडा पुढे आणला. तो बोलत होता. मुकादमाने तांब्या खाली ठेवला. थोरली उंबऱ्यातून उठून उभी राहिली.

आईच्या मांडीवरचे कापड घसरले. ती एका मुलाकडे बघत होती, मग दुसऱ्याकडे, मग अंगणाच्या टोकाला, जिथून खाणीच्या कडेची वाट सुरू होत होती.

"तुमचा बाप त्या दिवशी प्यायलेला नव्हता," ती म्हणाली.

कुणाला उद्देशून ते कळले नाही. आवाज बाजूने आला होता. थोरला बोलता बोलता थांबला आणि तो कुठून आला ते बघण्यासाठी त्याने मान फिरवली. नुसते डोळे नाहीत. अख्खी मान, हळूहळू, खांद्यापर्यंत. आणि मग, तोंडासमोर येईपर्यंत न दिसलेल्या धाकटीच्या तळव्यावर येऊन, दचकून थांबला.

तिने हात खाली घेतला नाही.